ड्रेस सरळच शिवलाय: मणक्याच्या बाकाबद्दल, समजेल अशा भाषेत

शाळा उघडायच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या टेलरमावशीकडे पाय ठेवायला जागा नसते. यंदा जूनमध्ये तिथे चांगलंच भांडण झालं. शेजारच्या आठवीतल्या मुलीचा युनिफॉर्म शिवून आला, तर कुडत्याचा घेर एका बाजूने दोन बोटं वर. आईने परत नेला, मावशीने उसवून पुन्हा शिवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मावशीने कुडता टेबलावर पसरला, दोन्ही बाजूंना टेप लावून दाखवली आणि म्हणाली, "ताई, ड्रेस सरळच शिवलाय. लेकराच्या पाठीकडं बघा एकदा. एक खांदा वर दिसायलाय."

पंधरा दिवसांनी मायलेकी एक्स-रेचं पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. माझ्याकडे, कारण गल्लीत 'पाठीत बाक असलेली बाई' म्हणजे मी. मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि तेराव्या वर्षापासून असाच एक कणा घेऊन जगते. रिपोर्टवर लिहिलं होतं: उजवीकडचा थोरॅसिक स्कोलिऑसिस, कॉब अँगल ३२ अंश, रिसर १. आईचा प्रश्न एकच होता. "बाई, पोरीला कुबड यायलंय का?"

नाही. पण त्या एका ओळीत काय दडलंय ते नीट कळलं, तर पुढची तीन वर्षं पुष्कळ सोपी जातात. माझ्या आईला ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

## उतरंड आणि पीळ

पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची उतरंड. बाजूने पाहिलं तर तो सरळ नसतोच. मानेत आत, पाठीत बाहेर, कमरेत पुन्हा आत असा तो वळतो आणि तसाच हवा. पण मागून पाहिलं की उतरंड ओळंब्यात दिसायला पाहिजे. ती डावी-उजवीकडे १० अंश किंवा त्याहून जास्त वळली, तर त्याला स्कोलिऑसिस म्हणतात. शब्द ग्रीक आहे, त्याच्या मुळाशी अर्थ वाकडं. थोरॅसिक म्हणजे छातीच्या उंचीवरचा, बरगड्या जिथे जोडलेल्या असतात तो भाग. १० अंशांच्या आतलं वळण कितीतरी लोकांत असतं, त्याला आजार म्हणत नाहीत.

नुसतं कलणं असतं तर गोष्ट सोपी होती. कणा कलताना पिळलाही जातो, सुंभासारखा. मणके आपल्याभोवती फिरतात आणि त्यांना जोडलेल्या बरगड्यांनाही फिरवतात. मग एका बाजूच्या बरगड्या मागे येतात आणि मुलगी वाकली की पाठीवर उंचवटा दिसतो. आई ज्याला कुबड म्हणत होती ते हे. खरं कुबड म्हणजे पाठ पुढच्या बाजूला वाकणं, ते वेगळं. पोक काढून बसणं आणखी वेगळं. 'ताठ बस' म्हटलं की पोक जातो. बाक कितीही ताठ उभं राहिलं तरी जात नाही. मला शाळेत यासाठी पट्टीचा मार बसलाय, आणि मी आधीच जमेल तेवढी ताठ उभी होते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. पाठीत एकाच जागी सतत, रात्रीसुद्धा दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यांतलं काही असेल तर तो नेहमीचा बाक समजू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आहे आणि तो मणका आतून पोखरतो. तिथे सहा महिने वाट पाहायची नसते, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा असतो.

## मग चूक कुणाची?

प्रत्येक आई हे विचारते, आणि बहुतेकींनी उत्तर मनाशी आधीच ठरवलेलं असतं: माझीच. माझ्या आईच्या मते दोष हंड्याचा होता. मराठवाड्यात तसं वाटणं साहजिक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, एवढी आमच्याकडे पाण्याची कथा; आणि पाणी भरायचं काम घरातल्या पोरींकडे. मी सहावीपासून डाव्या कमरेवर हंडा घेऊन आडावरून यायचे. आई कित्येक वर्षं म्हणायची, "मीच तुझी पाठ मोडली."

तिने काही मोडलं नव्हतं. किशोरवयात दिसणाऱ्या बाकांपैकी १०० तल्या साधारण ८० जणांत ठराविक कारण सापडत नाही. डॉक्टर त्याला इडिओपॅथिक म्हणतात. 'कारण माहीत नाही' हे रुबाबात सांगायची ती रीत. उरलेल्यांत जन्मतःच अर्धवट घडलेला मणका असतो, किंवा स्नायूंचा नाहीतर नसांचा एखादा आजार. जड दप्तर, एका खांद्यावरची सॅक, हंडा, मोबाइलवर मान घालून बसणं, कमी दूध पिणं, यांतल्या कशानेही असा बाक तयार होतो असं दिसलेलं नाही. दप्तराने पाठ दुखते, रग लागते, म्हणून ते हलकं असावं. पण बाकाचा गुन्हा त्याच्या नावावर टाकता येत नाही.

रक्ताचा वाटा मात्र आहे. आई-वडील, भावंडं यांच्यापैकी कुणाला बाक असेल तर घरातल्या दुसऱ्याला असण्याची शक्यता वाढते. जवळच्या नात्यात ती १०० त १० च्या आसपास धरतात. एरवी दहा ते अठरा वयाच्या १०० मुलांमागे दोन-तिघांना १० अंशांहून मोठा बाक असतो. त्यातही लहान बाक मुला-मुलींत जवळपास सारखेच आढळतात, पण ३० अंशांच्या पुढे गेलेल्यांत मुली मुलांच्या कितीतरी पट. असं का, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

## ३२ अंश म्हणजे किती?

कॉब हे माणसाचं नाव. जॉन कॉब हे अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञ, त्यांनी १९४८ साली ही मोजायची पद्धत मांडली. बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका घ्यायचा आणि त्याच्या माथ्यालगत रेघ मारायची. खालच्या टोकाच्या कललेल्या मणक्याच्या तळालगत दुसरी. दोन रेघांमधला कोन तो कॉब अँगल. एवढंच. कंपास आणि पेन्सिल असेल तर माझा आठवीतला विद्यार्थीही काढू शकेल.

आणि म्हणूनच त्यात चूकही होते. जमिनीची मोजणी दोन वेळा केली तर बांध हातभर इकडे-तिकडे होतो, तसं दोन माणसांनी एकच एक्स-रे मोजला तर पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. मागच्या वेळी २९ आणि या वेळी ३२, म्हणून घरात रडारड होते. त्यावरून बाक वाढलाच असं ठरत नाही. पाचहून जास्त फरक पडला तर डॉक्टर तो खरा धरतात. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच माणसाकडून मोजून घ्यावं आणि जुने एक्स-रे कधी रद्दीत देऊ नयेत. ते सात-बाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे हरवणार नाहीत.

एक्स-रेच्या किरणांची भीती अगदी खोटी नाही, वाढीच्या वयात तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. म्हणून मुलींचा एक्स-रे पाठीकडून घ्यायला सांगावं. छातीवर किरण कमी पडतात. मागायला लाजू नका, तंत्रज्ञांना हे ठाऊक असतं.

## 'पाळी कधी आली?' हा प्रश्न का?

माझ्या पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी आईला विचारलं, "मुलीला पाळी कधी सुरू झाली?" दादा, म्हणजे माझे वडील, उठून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. आई पुटपुटली, "अजून नाही." मला वाटलं, हाडाच्या डॉक्टरला या चौकशा कशाला? आज वाटतं, त्या दिवशीचा तोच सर्वांत कामाचा प्रश्न होता.

बाक वाढतो तो उंचीबरोबर. जूनमध्ये कललेलं कोवळं रोप आणि दिवाळीला कललेलं ज्वारीचं कापणीचं ताट, दोन्ही तेवढीच कललेली असतील, पण रोपाला अजून हातभर वाढायचंय. ताट जिथे आहे तिथेच राहणार. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती पाळी येण्याच्या आधीच्या वर्षभरात, आणि पाळी आल्यावर दोनेक वर्षांत वाढ जवळजवळ थांबते. मुलांचं हे सगळं दीड-दोन वर्षं उशिरा.

रिपोर्टमधला रिसर याचीच नोंद करतो. कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर वाढीच्या वयात नवं हाड हळूहळू धरत जातं. काहीच धरलेलं नसेल तर रिसर ०, काठ पूर्ण जुळून आला की ५. म्हणजे शेजारच्या पोरीचा रिसर १ म्हणजे रोप अजून कोवळं आहे. तेच ३२ अंश एखाद्या अठरा वर्षांच्या मुलीत, रिसर ५ असताना निघाले असते, तर डॉक्टरांनी 'आता काही करायचं नाही' म्हणून घरी पाठवलं असतं. लोक फक्त अंश विचारतात. मला कुणी रिपोर्ट दाखवला की मी आधी वाढ किती उरली ते पाहते.

## घरी कसं पाहायचं

याला दोन मिनिटं पुरतात. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे एकमेकांना लावून मुलीला कमरेतून पुढे वाकायला सांगा, वडीलधाऱ्यांच्या पायाशी वाकतो तसं. आपण मागे बसून नजर तिच्या पाठीच्या उंचीवर आणायची. एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा उंच दिसतात का? विल्यम ॲडम्स या इंग्लिश सर्जनने १८६५ च्या सुमारास सांगितलेली ही युक्ती आजही पहिली तपासणी आहे. उभं असताना एक खांदा वर, एका बाजूचं खांद्याचं हाड पाठीवर उठून दिसणारं, कमरेची खोबण एकीकडे खोल आणि दुसरीकडे सपाट, ही बाकीची चिन्हं.

अडचण एवढीच की दहा-बारा वर्षांच्या मुलीची उघडी पाठ घरात कुणी पाहतच नाही. लहानपणी आई न्हाऊ घालते, मग एक दिवस दार बंद होतं आणि नेमका तेव्हाच बाक सुरू होतो. म्हणून तो शिवणाऱ्या बाईला आधी दिसतो. शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना पाठ पाहायची आठवण मी दर वर्षी करते. ते पाहतात, सांगितलं नाही तर दात, डोळे आणि वजनातच दिवस जातो.

## ब्रेस: रोपाला बांधलेली काठी

निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली मुलांच्या हाडांवर ग्रंथ लिहिला. त्यातलं वाकड्या झाडाला सरळ खुंटाशी दोरीने बांधल्याचं चित्र आजही जगभर अस्थिरोगतज्ज्ञांची खूण आहे. ब्रेस, म्हणजे बगलेपासून कमरेपर्यंतचं कडक प्लास्टिकचं कवच, हे तेच काम करतं. साधारण २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान बाक आणि वाढ बाकी असेल, तर ब्रेस देतात. २५ च्या आत असेल तर सहसा चार-सहा महिन्यांनी पाहत राहायचं.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ब्रेसने बाक सरळ होत नाही. तो वाढू नये एवढाच हेतू असतो. तीन वर्षं घामात काढून ३२ चा ३३ झाला, तर ते यश आहे. हे आधीच सांगितलं नाही तर पोरीला शेवटी फसवल्यासारखं वाटतं. मला वाटलं होतं.

'मग घालून उपयोग काय?' हा प्रश्न डॉक्टरही बरीच वर्षं विचारत होते. त्याचं उत्तर अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीने २०१३ साली दिलं. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के जणांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्क्यांचा. त्याहून महत्त्वाचं, ब्रेसमध्ये बसवलेल्या सेन्सरने खरे तास मोजले होते. रोज सरासरी सुमारे १३ तास किंवा जास्त घालणाऱ्यांत १०० तल्या ९० हून जास्त जणांना यश आलं. अगदी कमी घालणाऱ्यांत आणि न घालणाऱ्यांत फारसा फरक नव्हता.

हे आकडे उलटेही वाचा: ४८ टक्के जणांचा बाक ब्रेसशिवायही थांबला. म्हणजे ब्रेस न घालणाऱ्या प्रत्येकीवर ऑपरेशनची वेळ येते, असं नाही. कुणाचा बाक वाढणार हे आधी नक्की कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच तास भरायला लावतात.

पुस्तकात हे तास लिहिणं सोपं आहे. एप्रिल-मेमध्ये लातूर-परभणीकडे पारा चाळिशीच्या वर असताना, दुपारी लाइट गेलेली असताना छातीभोवती प्लास्टिक आवळून बसणं काय असतं ते मला विचारा. माझा ब्रेस पुण्याला बनवला होता, रात्रीच्या एसटीने जाऊन. गावी आल्यावर आठवडाभर मी शहाण्यासारखा घातला. मग शाळेला निघताना तो काढून ज्वारीच्या कणगीमागे ठेवायचा आणि आल्यावर आईने बघायच्या आत चढवायचा, असा क्रम पडला. आईला कळलं ते उंदराने पट्टा कुरतडला तेव्हा. तेव्हा सेन्सर नव्हते, उंदीर होते.

आता मुलींना मी वेगळं सांगते. डॉक्टर बहुधा १८ तास किंवा जास्त सांगतात. पण रात्रीची झोप आणि घरातले संध्याकाळ-सकाळचे तास मिळूनच १३ च्या जवळ जातात. म्हणून शाळेत काढायची फारच इच्छा असेल, तर लपवू नका. डॉक्टरांशी तासांचा सौदा करा. ठरवून काढलेला ब्रेस वेगळा आणि कणगीमागचा वेगळा. आत घट्ट बसणारा सुती बनियन, शिवण बाहेरच्या बाजूला. रोज त्वचा पाहायची. ब्रेसखाली तेल, क्रीम लावायचं नाही, कातडी मऊ पडून सोलते. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर ब्रेस बनवणाऱ्याकडून तेवढी जागा घासून घ्यायची. आणि उंची वाढली की ब्रेस बदलतो, हा खर्च आधीच धरा.

बीड, धाराशिवकडच्या ज्या घरांत दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायची पद्धत आहे, तिथे तपासण्या हमखास चुकतात. योगायोगाने दोन तपासण्यांतलं अंतर आणि ऊसतोडीचा हंगाम जवळपास सारखाच. जायच्या आधी एकदा आणि परत आल्यावर एकदा, एवढं ठरवलं तरी पुरतं.

## मालिश, योगासनं आणि मोबाइलवरचे रील

"आमच्या गावचा हाडवैद्य एका झटक्यात बसवतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसून सोडते. निखळलेला खांदा बसवता येतो, पण बाक म्हणजे निखळणं नाही. मणके जागेवरच असतात, त्यांची घडण वाढताना तशी झालेली असते. मालिशने आखडलेले स्नायू सैल होतात, बरं वाटतं, ते खरं आहे. झटके देऊन 'कट-कट' आवाज काढणारे रील पाहून मात्र कुणी मुलीची पाठ कुणाच्या हाती देऊ नये. निदान झालेलं नसताना आत क्षय किंवा ठिसूळ हाड असेल तर तो झटका पायांवर जाऊ शकतो.

'मणक्यात गॅप आहे', 'नस दबलीय' ही आपल्याकडची सर्वगुणसंपन्न निदानं. किशोरवयातल्या बाकाशी दोन्हींचा सहसा संबंध नसतो.

व्यायामाचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. जर्मनीत कॅथरिना श्रोट यांनी १९२० च्या दशकात, स्वतःच्या पाठीवर प्रयोग करून, बाकासाठी खास श्वासाचे आणि ताणण्याचे व्यायाम बसवले. तसं शिकवणारे फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांत भेटतात. लहान बाकात आणि ब्रेसच्या जोडीला त्यांचा उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण ब्रेसची जागा ते घेत नाहीत. सूर्यनमस्कार, पोहणं, कबड्डी, सगळं करा. बाकामुळे खेळ बंद करायचं काही कारण नाही. उसेन बोल्टच्या पाठीत बाक आहे, हे त्याने स्वतः सांगितलंय, आणि १०० मीटर ९.५८ सेकंदांत पळण्याचा २००९ चा त्याचा विक्रम जगाला माहीत आहे. दाराच्या चौकटीला लटकून मात्र कुणी सरळ झालेलं नाही. मी वर्षभर लटकले, चौकट ढिली झाली.

## ऑपरेशन कधी?

वाढीच्या वयात ४५-५० अंशांच्या पुढे गेलं की डॉक्टर ऑपरेशनचा विषय काढतात. कारण एवढा मोठा बाक उंची थांबल्यावरही थांबत नाही, वर्षाला साधारण एक अंशाने सरकत राहतो. पंधराव्या वर्षी ५५ असेल तर चाळिशीपर्यंत किती, हा साधा हिशेब आहे. बाक ७०-८० च्या पुढे गेला की फुप्फुसांना जागा कमी पडायला लागते.

ऑपरेशनमध्ये मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांना दोन सळया जोडतात, कणा जमेल तेवढा सरळ करतात आणि मणक्यांच्या मध्ये हाडाचा चुरा भरतात. घर बांधलेल्यांना लगेच कळेल: सळया म्हणजे सेंट्रिंग आणि खरा स्लॅब म्हणजे ते हाड. काही महिन्यांत ते मणके मिळून एकच हाड होतं. फरक एवढाच की इथलं सेंट्रिंग सहसा काढत नाहीत. सळयांची कल्पना पॉल हॅरिंग्टन यांची. अमेरिकेत ह्यूस्टनला पोलिओ झालेल्या मुलांच्या पाठी पाहून त्यांनी ती काढली. त्या काळी ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहावं लागे. आता पेशंटला एक-दोन दिवसांत चालवतात, महिना-दीड महिन्यात शाळा, दांडगे खेळ सहा महिन्यांनी किंवा डॉक्टर म्हणतील तेव्हा.

"पाय जातात म्हणे," ही भीती सगळ्यांच्या ओठांवर असते. धोका शून्य नाही. पण निष्णात हातांत मज्जारज्जूला इजा होण्याचं प्रमाण या वयातल्या बाकात १०० त एकापेक्षा कमी आहे, आणि ऑपरेशन चालू असताना पायांपर्यंत संदेश पोचतात का ते यंत्रावर सतत पाहतात. ते यंत्र तिथे आहे का, असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तोट्याची खरी बाजू वेगळी: जुळवलेला भाग पुन्हा वाकत नाही. जुळवणं छातीच्या भागात असेल तर खुब्यातून, कमरेतून वाकता येतं, मांडी घालून जेवता येतं. जितकं खाली जाल तितकी लवचिकता जाते.

खर्चाचं म्हणाल तर आधी सरकारी दार ठोठवा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, लातूर, नांदेड, अंबाजोगाईची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, इथे अस्थिरोग विभाग आहेत. तपासणी आणि एक्स-रे तिथे होतो, पुढची वाट ते सांगतात. ऑपरेशन ठरलं तर ज्या रुग्णालयात करायचं तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारा, भरती होण्याआधी. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही लोक विचारतात. २०१६ च्या कायद्यात बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे आणि नुसता बाक आहे म्हणून तेवढे टक्के मिळत नाहीत.

## लग्न, लेकरं आणि पुढची पन्नास वर्षं

खरं तर मायलेकी आल्या तेव्हा आईच्या मनात ब्रेस नव्हताच. ती म्हणाली, "बाहेर कळू नाही म्हणजे झालं. पुढं स्थळं यायची." पोरगी शेजारीच बसली होती, ओढणी दोन्ही खांद्यांवर ओढून.

मला राग आला, आणि लगेच माझी आई आठवली. मला पाहायला आले तेव्हा तिने मला भिंतीला टेकून बसवलं होतं. पोहे द्यायला उठायचं नाही, बहीण देईल. मी उठले. आणि मुलाला बाजूला बोलता आलं तेव्हा एक्स-रेच दाखवला. त्याने तो उजेडाला उलटा धरला होता. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली.

लपवण्याने नुकसान होतं ते वेळेचं. 'आत्ता नको, दहावी होऊ दे', 'गावात बोभाटा होईल' म्हणत वर्ष जातं, आणि ब्रेसने काम करायचं वर्ष नेमकं तेच असतं. सोळाव्या वर्षी सगळ्यांची तयारी झालेली असते, पण तोवर ताट कापणीला आलेलं असतं.

मूल होण्यात अडचण येते का? बाकाने गर्भ राहण्यात अडथळा येत नाही, आणि बहुतेकींची बाळंतपणं इतरांसारखीच होतात. भूल देणाऱ्या डॉक्टरला मात्र आधी सांगावं, विशेषतः पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल तर, कारण कण्यातली सुई टोचायची जागा शोधावी लागते. माझ्या वेळी दोनदा टोचावं लागलं.

पुढे काय होतं हे सांगणारा एक अभ्यास अमेरिकेतल्या आयोवात झाला. उपचारच न घेतलेल्या माणसांना ५० वर्षांनी गाठून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. जुनाट पाठदुखी त्यांच्यात जास्त होती, ६१ टक्के. बाक नसलेल्यांत ३५. पण बहुतेक जण कामधंदा करत होते, संसार करत होते आणि सर्वसाधारण माणसांएवढेच जगले होते. मला हा अभ्यास आवडतो कारण तो दोन्ही बाजूंना गप्प करतो, 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांना आणि 'आयुष्य बरबाद' म्हणणाऱ्यांनाही.

३० च्या आत थांबलेले बाक मोठेपणी सहसा हलत नाहीत. ५० च्या पुढचे सरकतात. मधल्यांनी काही वर्षांनी एकदा एक्स-रे काढावा. माझा ब्रेस सुटला तेव्हा ३८ होता, आज अडतिसाव्या वर्षी ४१ आहे. मोजणीची चूक धरली तर जिथल्या तिथे. दुखतं का? दुखतं. फळ्यासमोर सहा तास उभं राहिल्यावर उजव्या बाजूची पाठ भरून येते. दहावीचे पेपर तपासायच्या दिवसांत तर जास्तच. लातूरला क्लासला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचीही हीच तक्रार होती, दिवसाला दहा-बारा तास बाकावर, म्हणजे लाकडी बाकावर, बसून. तिला मी सांगितलं की बसण्याने तुझे अंश वाढणार नाहीत, दुखणं वाढेल; दर पाऊण तासाने उठ, पाणी प्यायच्या निमित्ताने का होईना. पाठीचे आणि पोटाचे स्नायू कणखर ठेवणं, वजन आटोक्यात ठेवणं, तंबाखू-मिसरीला हात न लावणं, मोठेपणचा सगळा इलाज जवळजवळ एवढाच.

माझी लेक आता अकराची आहे. दर सहा महिन्यांनी तिला मी वाकायला लावते. "आई, आता कितीदा पाया पडू?" म्हणून ती वैतागते.

शेजारच्या पोरीला गेल्या महिन्यात ब्रेस आला. पहिल्या दिवशी तिने तो तीन तास घातला, आता नऊवर आलीय. जुना कुडता वरून बसेना, म्हणून मायलेकी पुन्हा टेलरमावशीकडे गेल्या, मीही सोबत होते. मावशीने टेप गळ्यातून काढली, पोरीच्या छातीवरच्या प्लास्टिकवर बोटांनी टकटक केलं आणि विचारलं, "माप ह्याच्या वरून घेऊ का आतून?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "वरून घ्या. आन् एका बाजूला थोडं सैल सोडा."